मशीन नाही म्हणलं तर भांडायचं कुणाशी?

औशाकडं आमच्या गावात रेशन दुकानात आजीचा अंगठा लागंना, खुरपून खुरपून रेषाच राहिल्या नाहीत. दुकानदार म्हणला, "मावशी, मशीनच घेईना, मी काय करू?" आता ते मशीन काही एआय नाही, नुसते ठसे जुळवतं, पण एआयच्या नीतीचा सगळा वाद फिरून फिरून ह्याच वाक्यापाशी येतो.

हा वाद चॅटजीपीटीनंतरचा आहे असं लई जणांना वाटतं. नाही. १९५० ला संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंगनं विचारलं, मशीन विचार करू शकतं का, आणि त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनर ह्या गणितज्ञाचं पुस्तक आलं त्यात काळजी वेगळीच होती, की निर्णय मशीनवर ढकलून माणसानं हात झटकले तर? ट्युरिंगचा प्रश्न गाजला, वीनरचा मागं पडला, माझ्या मते उलटं व्हायला पाहिजे होतं. पुढं जोसेफ वायझेनबाम ह्या संगणकवाल्यानं १९६६ मध्ये एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्राम बनवला, लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागले तसा तोच घाबरला, आणि १९७६ च्या पुस्तकात म्हणला की काही कामं जमत असली तरी मशीनला द्यायचीच नाहीत.

खरी गंमत २०१६ ला झाली. अमेरिकेत आरोपी परत गुन्हा करंल का ह्याचे मार्क देणारं कॉम्पास नावाचं सॉफ्टवेअर होतं. प्रोपब्लिका ह्या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडातला डेटा काढला तर ज्यांनी पुढं काहीच केलं नाही त्यातल्या काळ्यांना 'धोकादायक' म्हणायचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट. ते बनवणारी कंपनी म्हणली आमचे मार्क दोघांना सारखेच लागू पडतात, म्हणजे एकच मार्क पडलेले काळे असोत का गोरे, पुढं परत अटक व्हायचं प्रमाण जवळपास सारखंच. आणि दोघांचंही हिशोबानं खरं! दोन गटांत परत अटक व्हायचं प्रमाणच वेगळं असलं (पोलीस उचलतात कुणाला हे परत निराळंच) तर हे दोन्ही न्याय एकदम साधत नाहीत, हे गणितवाल्यांनी दाखवलं. म्हणजे कोणता न्याय धरायचा हे गणितानं ठरत नाही, ते राजकारणच आहे.

नेदरलँड्समध्ये तर बालसंगोपन भत्त्यात हजारो आईबापांना खोटंच फसवे ठरवलं, त्यात धोका मोजणारं सॉफ्टवेअर नागरिकत्वसुद्धा बघत होतं, २०२१ च्या जानेवारीत अख्ख्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपच्या २०२४ च्या कायद्यात आता लिहिलंय की जोखमीच्या कामात मशीनचा निकाल फिरवू शकणारा माणूस पाहिजे. आमच्या दुकानात तसा कोणी नव्हता, मागं रांग वाढत होती, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.