हिगुराशी आणि उमिनेको: कोडं सारखं दिसतं, खेळ वेगळा

दोन्ही जपानी रहस्यकथेचे गेम, लेखक एकच, नावांचा अर्धा भाग तोच, दोन्हीकडे आठ भाग: चार प्रश्नांचे, चार उत्तरांचे. त्यामुळे ‘हिगुराशी नो नाकू कोरो नी’ संपवलेला माणूस ‘उमिनेको नो नाकू कोरो नी’ला तिचाच पुढचा अध्याय समजून हात घालतो आणि मध्यावर येईतो वैतागतो. वैताग रास्त आहे. हिगुराशीने लावलेली वाचायची सवय इथे उपयोगाची नाही.

लेखक र्‍यूकिशी०७ या टोपणनावाने लिहितो. हिगुराशीचा पहिला भाग त्याने २००२ च्या ऑगस्टमध्ये तोक्योतल्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे हौशी निर्मात्यांच्या भल्यामोठ्या जत्रेत, विकायला ठेवला. याला गेम म्हणायचं, पण मूळ आवृत्तीत खेळाडूला कसलीच निवड करायची नसते. मजकूर वाचा, आवाज ऐका, क्लिक करा. चित्रंही त्यानेच काढलेली. पात्रांचे हात इतके फुगीर की हसूच येतं. पहिला खून झाला की हसू थांबतं.

काळ जून १९८३, जागा हिनामिझावा नावाचं डोंगरातलं खेडं. सलग काही वर्षं उत्सवाच्या रात्री एक जण मरतो, एक बेपत्ता होतो. शहरातून आलेल्या केइइचीला मैत्रिणी ओहागी आणून देतात: भाताचा गोळा आणि त्यावर अझुकीचं, म्हणजे लाल घेवड्यासारख्या बियांचं, गोड पुरण. खाताना तोंडात सुई लागते. त्याच्यासोबत आपणही हादरतो. (इथे थोडा रहस्यभेद होतोय, नको असेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

पुढे कळतं की आत तिखट सॉस होता. मैत्रिणींनी थट्टा केली होती. सुई होती ती त्याच्या भेदरलेल्या डोक्यात. निवेदक खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखर तसंच दिसलं होतं. तोच जून दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा येतो तेव्हा अशा चुका उघड्या पडतात, आणि २००६ मध्ये आलेल्या आठव्या भागापर्यंत लेखक हिशोब चुकता करतो.

उमिनेको २००७ ते २०१० मधली. ऑक्टोबर १९८६, वादळात अडकलेलं रोक्केनजिमा बेट, वारशावर डोळा ठेवून जमलेलं श्रीमंत कुटुंब, बेटावर अठरा माणसं. खून होतात आणि बेआत्रिचे नावाची चेटकीण म्हणते, मी जादूने केले. कुटुंबप्रमुखाचा नातू बॅटलर म्हणतो, शक्य नाही, माणसानेच केले. या वादाला नियम आहे: चेटकीण लाल अक्षरांत जे बोलेल ते खरं धरायचं, पुरावा मागायचा नाही. गुप्त दरवाजे नाहीत असं लाल अक्षरांत आलं की ती पळवाट बंद. बाकी सगळं, अगदी बोकडाच्या तोंडाचे नोकर डोळ्यांदेखत माणसं मारताना दाखवले तरी, विश्वास ठेवण्याजोगं नाही. म्हणून इथे प्रसंग ताडून भागत नाही. हे कोण सांगतंय आणि कशासाठी, हे आधी शोधावं लागतं. माझ्या मते उमिनेको जास्त अवघड आणि जास्त चांगली, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याने हिगुराशीच घ्यावी.

माध्यम बदललं की दोघींचं वेगवेगळं होतं. हिगुराशीच्या २००७ च्या प्लेस्टेशन टू आवृत्तीत पात्रांना आवाज मिळाले, पर्याय आले आणि शेवट निराळाच लिहिला गेला. २०२० ची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, जुन्याच गोष्टीची नवी आवृत्ती म्हणून सुरू झाली. मालिकेच्या दुसऱ्या भागात तिचं खरं नाव ‘गोऊ’ असल्याचं उघड झालं आणि ती निघाली पुढची कथा! नवखा प्रेक्षक इथूनच सुरुवात करतो आणि फसतो. उमिनेकोची २००९ ची अ‍ॅनिमे गेमच्या पहिल्या चार भागांवरच थांबली, म्हणजे प्रश्न दाखवले आणि उत्तरं राहिली. मूळ गेमही शेवटी सगळं सरळ सांगत नाही. ज्यांना स्पष्ट कबुलीजबाब हवा, त्यांनी आठव्या भागाचा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचावा, पण गेम संपवल्यावरच.