क्लिओपात्राची मोहिनी आणि बापाचे कर्ज

क्लिओपात्रा म्हटले की डोळ्यांसमोर येते ती दुधाने न्हाणारी, एकापाठोपाठ एक दोन रोमन सेनानींना नादी लावणारी राणी. दुधाच्या आंघोळीला तिच्या काळातला पुरावा नाही. सेनानींची गोष्ट मात्र खरी आहे आणि तिची मुळे तिच्या वडिलांच्या कर्जात आहेत.

तिचे टॉलेमी घराणे मूळचे मॅसिडोनियाचे, भाषेने ग्रीक. अलेक्झांडरचा सेनापती पहिला टॉलेमी याने इ.स.पू. 305 मध्ये इजिप्तमध्ये स्वतःला राजा म्हणवून घेतले. सव्वादोनशे वर्षांनी गादीवर आलेल्या तिच्या वडिलांचा, बाराव्या टॉलेमीचा, हक्क कच्चा होता, आणि रोमने मान्यता दिल्याशिवाय त्याचे आसन टिकणार नव्हते. ती मान्यता त्याने रोमन सावकारांकडून पैसे उचलून अक्षरशः विकत घेतली. इ.स.पू. 58 मध्ये त्याला देश सोडावा लागला. तेव्हा सीरियाचा रोमन सुभेदार गॅबिनियस याला 10,000 टॅलेंट (त्या काळचे पैशाचे मोठे माप) कबूल करून तो तीन वर्षांनी परक्या फौजेसह परतला. मधल्या काळात गादीवर बसलेल्या बेरेनिके या पोटच्या मुलीला त्याने ठार मारले. मग त्याला कर्ज देणारा रॅबिरियस हा रोमन सावकारच इजिप्तचा अर्थमंत्री झाला. धनकोने घरात शिरून तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावाव्यात, तसाच हा प्रकार. क्लिओपात्रा तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. बहिणीचा शेवट आणि सावकाराची वसुली, दोन्ही तिने वाड्यात राहून पाहिले असणार.

इ.स.पू. 51 मध्ये वडील गेले आणि अठराव्या वर्षी ती राणी झाली, सोबत दहा वर्षांचा भाऊ सहराजा. त्या वर्षांत नाईलला पूर नीट येत नव्हता. इ.स.पू. 50 चे एक राजाज्ञापत्र सापडले आहे : मध्य इजिप्तमध्ये खरेदी केलेले धान्य अलेक्झांड्रिया या राजधानीखेरीज कुठेही नेल्यास मृत्युदंड. राजधानीत दंगा झाला की राजा जातो, हे त्या घराण्याला पक्के ठाऊक होते. तरीही भावाच्या कारभाऱ्यांनी तिला हुसकावले आणि ती सीरियाच्या बाजूला जाऊन फौज जमवू लागली.

अशा वेळी इ.स.पू. 48 मध्ये आपला रोमन प्रतिस्पर्धी पाँपे याचा पाठलाग करत रोमन सेनानी सीझर अलेक्झांड्रियात उतरला. पाँपेचे मुंडके भावाच्या माणसांनी आधीच कापून ठेवले होते. सीझरला त्यापेक्षा पैसा हवा होता. बापाच्या थकीत कर्जापोटी त्याने एक कोटी द्राख्मांची मागणी केली. वाड्याभोवती भावाचा पहारा असताना अपोलोडोरस नावाच्या विश्वासू माणसाने तिला अंथरुणाच्या वळकटीत दडवून सीझरपुढे नेले. (पुढे चित्रकारांनी आणि चित्रपटांनी त्या वळकटीचा गालिचा केला.) ती एकवीस वर्षांची, तो बावन्नचा. तिला गादी हवी होती आणि त्याला कर्ज फेडू शकेल असा राज्यकर्ता. त्यानंतरच्या लढाईत भाऊ नाईलमध्ये बुडून मेला आणि इ.स.पू. 47 मध्ये तिचा व सीझरचा मुलगा सीझेरियन जन्मला.

मोहिनी होतीच, पण कसली? शंभरावर वर्षांनी चरित्र लिहिणारा प्लुटार्क सांगतो की तिचे रूप काही अद्वितीय नव्हते, जादू होती ती सहवासात, बोलण्यात आणि आवाजात. नाण्यांवरचा तिचा चेहराही बाकदार नाकाचा आणि निग्रही आहे. हबशी, यहुदी, अरब, पार्थियन अशा कितीतरी लोकांशी ती दुभाष्याशिवाय बोले. तिच्या आधीच्या राजांनी प्रजेची इजिप्शियन भाषा शिकण्याचेही कष्ट घेतले नव्हते. माझ्या मते तिचे खरे भांडवल हेच. समोरचा कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, हे ती त्याच्याच भाषेत ऐकू शकत होती.

सीझरचा खून झाला तेव्हा ती रोममध्येच होती. ती मायदेशी परतली, आणि इ.स.पू. 41 मध्ये रोमच्या पूर्वेकडच्या मुलखाचा कारभार हाती आलेल्या मार्क अँटनी या सेनानीने तिला आजच्या तुर्कस्तानातल्या तार्ससला बोलावून घेतले. ती गेली, पण जाब द्यायला आल्यासारखी नव्हे. सोनेरी नाव, जांभळी शिडे, रुपेरी वल्ही, काठापर्यंत दरवळणारा धूप आणि मध्ये प्रेमदेवता अफ्रोडाइटीच्या वेषात ती. बाजारातली माणसे नदीकडे धावली आणि अँटनी रिकाम्या चौकात आसनावर एकटाच उरला. हा देखावा एका मुरब्बी गड्याचाच. त्याला इराणकडच्या पार्थिया राज्यावरील मोहिमेसाठी पैसा हवा होता. तिला हवे होते संरक्षण, आणि एफेससच्या देवळात आश्रयाला असलेल्या अर्सिनोए या बहिणीचा काटा काढायचा होता. अँटनीने ते काम करून दिले.

पुढे त्याने सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी लग्न केले, आणि तरीही इ.स.पू. 37 मध्ये तो क्लिओपात्राकडे परतला. या वेळी तिला सायप्रस आणि सिलिशियाचा काही भाग मिळाला, म्हणजे जहाजांसाठी लाकूड. शिवाय जेरिकोच्या सुगंधी बाल्समच्या बागा. त्या बागा मुळात ज्याच्या राज्यात होत्या त्या यहुदियाच्या हेरोद राजालाच तिने खंडाने दिल्या.

मग प्रेम नव्हतेच का? तीन मुले आणि दहा-अकरा वर्षांची संगत नुसत्या हिशेबावर टिकत नाही. पुढे ऑक्टेव्हियनशी युद्ध होऊन अॅक्टियमच्या आरमारी लढाईत दोघांचा पराभव झाला, त्यानंतर ऑक्टेव्हियनने तिला सुचवले होते, अँटनीला मार किंवा हाकलून दे, तुझे भले होईल. तिने तसे केल्याचे दिसत नाही.

बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. 33 चा एक पपायरस आहे. ममीच्या वेष्टनात रद्दी म्हणून वापरला गेल्यामुळे तो टिकला. त्यात अँटनीच्या गोटातल्या एका रोमन बड्या असामीला दरवर्षी 10,000 आर्टाबा (इजिप्तचे धान्याचे माप) गहू बाहेर नेण्याची आणि 5,000 अँफोरा (मातीचे उंच कुंभ) वाइन आणण्याची जकातमाफी दिली आहे. खाली वेगळ्या हाताने ग्रीकमध्ये शेरा : ‘तसे व्हावे’. ते अक्षर तिचेच असावे असे काही अभ्यासकांना वाटते. तिचे प्रेमपत्र एकही उरले नाही, ही करसवलत उरली!

रोममध्ये मात्र ती चेटकीण ठरली. त्यात ऑक्टेव्हियनचा डाव होता. अँटनी रोमन, त्याच्याशी युद्ध म्हणजे यादवी, आणि लोक यादवीला विटलेले. म्हणून इ.स.पू. 32 मध्ये युद्ध पुकारले ते फक्त परकी राणीशी. तिला मोहिनी ठरवले की अँटनी आपोआप बायलट ठरत होता. इ.स.पू. 30 च्या ऑगस्टमध्ये दोघेही संपले. सीझेरियनला मारले गेले. इजिप्तचा खजिना रोमला पोचल्यावर तिथले व्याजाचे दर कोसळले. परवानगीशिवाय एकाही सिनेटरने इजिप्तमध्ये पाऊल टाकू नये, असा नियम ऑक्टेव्हियनने केला. असे श्रीमंत राज्य दुसऱ्याच्या हाती लागले तर काय होते, ते त्याने नुकतेच पाहिले होते.

शेवटच्या महिन्यांत क्लिओपात्राने सीझेरियनला बरीच संपत्ती देऊन हिंदुस्थानच्या दिशेने रवाना केले होते, असे प्लुटार्क लिहितो. तो तांबड्या समुद्रापलीकडे पोचलाच नाही. पण ती वाट लवकरच गजबजली. काही वर्षांतच वर्षाला 120 जहाजे हिंदुस्थानकडे निघू लागल्याची नोंद आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे ग्रीक खलाशांच्या माहितीतली झाली, आणि रोमन जगातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती पार कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीपर्यंत पोचली.