गोळीतला डिंक

औषधाची कोरडी पूड तशीच यंत्रात दाबली, तर बहुतेक वेळा गोळी नीट बनत नाही. कडेचे टवके उडतात किंवा वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटून येतो. म्हणून पुडीत अरबी डिंकाचे (बाभळीच्या कुळातील झाडांच्या डिंकाचे) द्रावण घालून ती ओलसर मळतात, चाळणीतून काढून तिचे दाणे पाडतात, दाणे वाळवतात आणि मगच दाबतात. वाळलेला डिंक कणांना एकमेकांशी घट्ट सांधून ठेवतो. मात्र तो जास्त पडला तर गोळी दगडासारखी कठीण होते आणि पोटात वेळेवर फुटत नाही.

गवारीच्या बियांपासून मिळणाऱ्या डिंकाचा स्वभाव निराळा आहे. मॅनोज या शर्करेच्या लांब साखळीवर साधारण दर दोन घटकांमागे गॅलॅक्टोजची एक फांदी, अशी त्याच्या रेणूची रचना असते. अरबी डिंक पाण्यात भरपूर विरघळूनही द्रावण बऱ्यापैकी पातळ राहते, तर गवारीचा डिंक अवघा एक टक्का घातला तरी पाणी दाट होते. हा डिंक पुरेशा प्रमाणात असलेली गोळी जठरात भिजली की तिच्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो. औषधाला त्यातून वाट काढत बाहेर यावे लागते आणि थरही बाहेरून हळूहळू झिजत जातो. दिवसातून तीनदा घ्यायचे औषध एकदाच घेता यावे, यासाठी या संथपणाचा उपयोग करता येतो. याहून रंजक गोष्ट अशी, की आपले पाचकरस हा डिंक तोडू शकत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जीवाणू तो तोडतात. साहजिकच औषध थेट तिथे पोहोचवण्यासाठी संशोधकांनी त्याच्याकडे लक्ष वळवले.

पण हेच फुगणे चुकीच्या जागी झाले तर घातक ठरते. वजन घटवण्यासाठी विकल्या गेलेल्या गवार डिंकाच्या गोळ्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

डिंकांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणण्याची पद्धत आहे. ती मला फारशी पटत नाही. अरबी डिंकात ऑक्सिडीकरण घडवणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि ती मॉर्फिनसारख्या काही औषधांची हानी करू शकतात, त्यामुळे अशा औषधांसोबत वापरण्यापूर्वी डिंक तापवून ती निकामी करावी लागतात. शिवाय झाड, हंगाम आणि साठवण यांनुसार डिंकाचा दाटपणा बदलतो, दमट हवेत त्यावर बुरशी धरते. म्हणून दाटपणा, ओलावा आणि सूक्ष्मजीवांचे प्रमाण दर खेपेला तपासल्याशिवाय तो गोळीत घालता येत नाही.