शिळ्या भातापासून यीस्टचं तेल: गोव्यात युनिट टाकायचं तर कुठल्या परवानग्या, कुठले कागद

हॉटेलात उरलेला भात, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) शिळे उंडे म्हणजे पाव, बटाट्याची सालं, हा सगळा स्टार्च. एन्झाइम घालून त्याची साखर करायची, त्यात यारोविया लिपोलिटिकासारखं यीस्ट वाढवायचं आणि नायट्रोजन कमी ठेवायचा, मग यीस्टची वाढ थांबते आणि उरलेल्या साखरेचं ते तेल करून पेशीत साठवतं, सुक्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त. १०० किलो ग्लुकोजमधून थिअरीत ३२ किलोच्या आसपास तेल निघतं, प्रत्यक्षात २० किलो मिळालं तरी उत्तम.

अर्ज एकटा मालक, पार्टनरशिप, कंपनी कोणीही करू शकतो. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होतं आणि ते फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका प्लीज.

खरं काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा, या दोन्हींखाली बांधकामाआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश (उभारणीची संमती) आणि युनिट सुरू करण्याआधी कन्सेंट टू ऑपरेट (चालवण्याची संमती) लागतं. पाया खणून मग अर्ज करू नका. कागद म्हणजे जागेचे (औद्योगिक वसाहतीत असाल तर आयडीसीचं, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं, अलॉटमेंट लेटर, बाहेर असाल तर एक-चौदाचा म्हणजे जमिनीचा उतारा आणि जमीन बिगरशेती केल्याची सनद), साइट प्लॅन, प्रोजेक्ट रिपोर्ट, प्रोसेसचा फ्लो चार्ट, गुंतवणुकीचं सीए सर्टिफिकेट आणि पाण्याचा हिशोब. हा हिशोब मन लावून करा, कारण लिटरला १०० ग्रॅम साखर धरली तर वरच्या २० किलो तेलामागे हजार लिटर पाणी टाकीत असतं, तेल काढल्यावर ते सेंद्रिय घाणीने भरलेलं उरतं आणि ट्रीट न करता सोडलं तर गावच्या व्हाळातले मासे मरतील. ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) डिझाइन आधी, फर्मेंटरचं (यीस्ट वाढवायच्या टाकीचं) कोटेशन नंतर.

बॉयलर असेल तर फॅक्टरीज अँड बॉयलर्स खात्याकडे नोंदणी. तेल काढायला हेक्झेन हा सॉल्व्हंट वापरणार असाल तर तो क्लास ए पेट्रोलियममध्ये, म्हणजे सगळ्यात लवकर पेट घेणाऱ्या गटात येतो, साठ्यासाठी पेसोचं (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं) लायसन्स बघावं लागतं.

आणि तेल कशासाठी हे पहिल्याच दिवशी ठरवा. साबण किंवा बायोडिझेल असेल तर रस्ता बराच सोपा. खायचं असेल तर नुसतं एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स पुरत नाही, नवीन अन्नघटक म्हणून त्यांच्याच २०१७ च्या नियमांखाली वेगळं अप्रूव्हल घ्यावं लागतं आणि त्यासाठी सेफ्टीचा डेटा द्यावा लागतो. जनुक बदललेलं यीस्ट घेतलंत तर अशा जीवांसाठीचे १९८९ चे नियम, आयबीएससी (संस्थेची जैवसुरक्षा समिती), आरसीजीएम (जनुकीय बदल तपासणारी केंद्रीय समिती) हेही मागे लागतं, म्हणून सुरुवात यीस्टच्या साध्या नैसर्गिक स्ट्रेनने (वाणाने) आणि साबणाच्या तेलाने करा असं मी सांगेन.