केशरी अक्षरं आली म्हणजे डबा बंद झाला असं नाही!

रास्पबेरी पायवर, म्हणजे डब्यातल्या त्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर, विंडोज 95 टाकून आमच्याकडून नेलेल्या सगळ्या प्रेसवाल्यांसाठी आणि जुने हिशेब बघणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानाचं शटर वर करतोय तोवर पहिला फोन हाच असतो, "काल मस्त चालू होतं, आज नुसती काळी स्क्रीन." आम्ही विचारतो, काल बंद कसं केलंत? मग पलीकडे जरा शांतता.

होतं काय, तुम्ही विंडोजमध्ये शटडाऊन मारता, काळ्या पडद्यावर केशरी अक्षरात मेसेज येतो की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, लोकल पकडायची घाई असतेच, मेन स्विच पाडून मोकळे. मेसेज खोटा नाही हो, पण तो 1995 च्या कॉम्प्युटरसाठी लिहिलाय, आपण मुठीत मावेल एवढ्या बोर्डाच्या पोटात चाललोय हे त्या विंडोजच्या गावीही नाही. खाली बोर्डाची स्वतःची सिस्टीम, लिनक्स, चालूच असते. विंडोज ज्याला सी ड्राइव्ह समजतं ती लिनक्ससाठी मेमरी कार्डावरची एक मोठी फाईल, आणि तिच्यात शेवटी लिहिलेलं कधीकधी 30 सेकंदसुद्धा रॅममध्येच पडून असतं. तेवढ्यात करंट गेला की फाईल अर्धवट. मग तुळशीचं लग्न उरकल्यावर ऐन सीझनमध्ये पेजमेकरमधली पत्रिका उघडत नाही आणि शिव्या आम्हाला.

तर केशरी अक्षरं आल्यावर कंट्रोल धरून एफ9 दाबा. डॉसबॉक्स, म्हणजे लिनक्सवर विंडोज चालवणारा प्रोग्रॅम, बंद होतो, मागोमाग आमची स्क्रिप्ट लिनक्स बंद करते. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता लाल राहिला की मग स्विच.

"हे आपोआप का नाही करत?" कारण विंडोज थांबलंय हे डॉसबॉक्सला कळतच नाही, त्याच्या लेखी पडद्यावर अजून एक चित्र आलं, बस्स.

दुसरं, आमचाच अडॅप्टर वापरा. रास्पबेरी पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतात, घरातला जुना मोबाईल चार्जर लावला की कोपऱ्यात पिवळी वीज दिसते आणि सगळं रांगायला लागतं. विंडोजला रॅम 64 एमबीच दिलीय म्हणून कंजूस म्हणू नका, विंडोज 95 ची किमान गरज 4 एमबी होती, त्या मानाने ही चैन आहे. बोर्डावर 4 जीबी रॅम असली तरी वेग जुन्या 486 प्रोसेसरच्या कॉम्प्युटरच्या आसपासचाच धरा.

कार्ड खराब झालं तर आमच्याकडे तुमच्या कार्डाची पहिल्या दिवशीची इमेज, म्हणजे पूर्ण कॉपी, ठेवलेली असते, तासाभरात नवं कार्ड भरून देतो, फक्त त्यानंतर केलेलं काम त्यात नसतं, आणि चार्ज लागतो. ज्यांचे 2017 च्या आधीचे म्हणजे जीएसटीपूर्वीचे हिशेब त्यात आहेत त्यांनी महिन्याला एक कॉपी आमच्याकडून काढून घ्या, दुसरं कार्ड तिजोरीत टाका. येताना डबा आणि अडॅप्टर दोन्ही आणा, नुसता डबा आणला तर अर्धा आजार घरीच राहतो.