आठवी मात्रा येते कुठून?

गणपतीत मालवणला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचा गिटारवर पिंक फ्लॉइड ह्या ब्रिटिश रॉक बँडचं ‘मनी’ बसवत होता. १९७३ सालचं हे गाणं सात मात्रांचं आहे. सुरुवातीला नाण्यांचे, गल्ल्याचे सात आवाज ऐकू येतात. टेपचे मोजून कापलेले तुकडे जोडून ते तयार केले होते. भाचा दर आवर्तनाच्या (सात मात्रांच्या फेरीच्या) शेवटी किंचित रेंगाळायचा आणि साताचे आठ व्हायचे. “मामा, ह्याला गणित पक्कं लागतं,” तो वैतागून म्हणाला. इकडे खळ्यात भजनाची तयारी चाललेली, आणि त्याच्याच वयाचा तबलजी रूपक ताल वाजवत होता: ती ती ना, धी ना, धी ना. सातच मात्रा. त्याने एकदाही मोजलं नाही.

गणिताचा हा गैरसमज फार जुना आहे. ताल ऐकताना मेंदू मोजत नाही, पुढच्या ठोक्याची वाट बघतो. आपण हाताची घडी घालून स्वस्थ बसलो असलो, तरी ताल ऐकताना मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. २००९ साली हंगेरीत झोपलेल्या नवजात बाळांना ताल ऐकवून मधूनच समेचा, म्हणजे आवर्तनाचा पहिला, ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूलहरींत त्याची नोंद उमटली. दोन-तीन दिवसांचं बाळही सम अपेक्षित धरतं!

मग सात कुठे अडतो? टाळी देऊन बघा. रूपकाचे खंड, म्हणजे मात्रांचे गट, तीन, दोन, दोन. आता ह्या लांब्यांचं गुणोत्तर पाहा. एकास एक (दोन्ही सारखे) किंवा दोनास एक (दुप्पट) ही गुणोत्तरं मेंदू सहज धरतो. तीनास दोन मात्र ना सारखं, ना दुप्पट. सवय नसलेलं डोकं त्याला सोयीच्या बाजूला ओढतं. तीनाचे चार केले, की ४:२:२, म्हणजे दोनास एक. मन सुखावतं आणि आवर्तन आठाचं होतं. भाचा ‘मनी’ चार अधिक तीन असं धरत होता. त्याचा धाकटा खंड थोरल्याच्या बरोबरीला यायला धडपडत होता, चार अधिक चार. आठवी मात्रा येत होती ती अशी. गंमत म्हणजे ‘मनी’तही गिटारच्या एकलवादनापाशी ताल चाराचा होतो.

पण ही ओढ जन्मजात नाही. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब ह्या संशोधकांनी २००५ मध्ये बाल्कन लोकसंगीतातल्या सात मात्रांच्या चाली ऐकवल्या आणि मधेच खंड बिघडवले. उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना बिघाड कळला नाही. बल्गेरिया-मॅसिडोनियातून आलेल्यांना कळला. आणि उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांनाही कळला! वर्षाच्या बाळांचा कान चारावर बसलेला होता, पण दोन आठवडे घरी तसं संगीत लावल्यावर तो पुन्हा उघडला. प्रौढांचा तितका उघडला नाही.

म्हणून व्हॉट्सॲपवर ‘सात मात्रा सात चक्रं जागृत करतात’ असं फिरतं, ते पुढे ढकलू नका. भारतीय मेंदू वेगळा घडलाय म्हणून आपल्याला रूपक येतो, हेही खोटं. मालवणच्या खळ्यात वाढलेला कान आणि मॅसिडोनियातल्या लग्नात वाढलेला कान, दोघांनी एकच गोष्ट केली: लहानपणापासून ऐकलं.

भाच्याला मी गिटार खाली ठेवायला लावली. आत त्याची आजी खोबरं खवता खवता ‘आप की नज़रों ने समझा’ गुणगुणत होती. १९६२ च्या ‘अनपढ’मधलं मदनमोहनांचं हे गाणं रूपकात आहे, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या सुरावर त्याला हाताने ताल धरायला सांगितलं: पहिल्या मात्रेला खाली (टाळी न देता हात नुसता बाजूला), चौथीला टाळी, सहावीला टाळी. दोन कडवी हात चुकला. तिसऱ्याला तो आजीबरोबर समेवर आला आणि पुढच्या समेलाही तिथेच होता.