घर कुठून सुरू होतं?

लहान मुलांच्या पुस्तकांत ‘कोणाचं घर कोणतं?’ हे पान हमखास असतं. एका बाजूला पक्षी, कोळी, मधमाशी आणि उंदीर, दुसऱ्या बाजूला घरटं, जाळं, पोळं आणि बीळ. रेघा ओढा, जोड्या जुळवा. मूल दोन मिनिटांत पान संपवतं आणि मोठी माणसं कौतुक करतात. पण यातल्या निम्म्या जोड्यांवर जीवशास्त्राचा अभ्यासक हरकत घेईल. घरटं हे बहुतेक पक्ष्यांचं घर नसतंच, ते अंडी उबवायचं आणि पिल्लं वाढवायचं ठिकाण असतं. पिल्लं उडाली की ते ओस पडतं आणि पक्षी रात्री फांदीवर किंवा ढोलीत झोपतात. कोळ्याचं जाळं तर मुळात सापळा. त्यात कोळी बसून असतो हे खरं, पण शिकारीही सापळ्याजवळ दबा धरून बसतातच.

त्या पानावर कधीच न दिसणारा एक प्राणी मला तिथे हवा होता, तो म्हणजे लिंपेट. हा गोगलगायीच्या कुळातला, टोपीसारखं कवच असलेला समुद्री जीव. तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांना चिकटून राहतो. तो काहीच बांधत नाही. खडकावरचं शेवाळ खरवडत दूरवर जातो आणि त्याच्या अनेक जाती पोट भरल्यावर नेमक्या आपल्या जुन्या जागी परततात. कवचाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाशी तंतोतंत जुळलेली असते, कारण ती तिथेच वाढलेली असते. खडक मऊ असेल तर उलट खडकच झिजून कवचाचा आकार घेतो. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही. आहे ती फक्त परत येण्याची जागा.

लहान मुलांचं घर या लिंपेटच्या घराशी जास्त जुळतं. आपण मुलांना विटा, खिडक्या आणि कौलं शिकवायला घेतो तेव्हा त्यांनी घराची गोष्ट दुसऱ्याच टोकाकडून सुरू केलेली असते.

ते टोक म्हणजे माणूस. बालमानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ 1954-55 मध्ये युगांडात होत्या. तिथल्या घरांमध्ये जाऊन, आई आणि तान्ह्या मुलांचं रोजचं वागणं बघून त्या टिपणं काढत. रांगायला लागलेली मुलं आईपासून दूर जातात, काहीतरी उचलतात, चाखतात, मागे वळून बघतात, परत येतात, टेकतात आणि पुन्हा निघतात, असं त्यांना दिसलं. पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांनी 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर जाऊन हेच जास्त बारकाईने पाहिलं. आईला त्यांनी ‘सुरक्षित तळ’ म्हटलं. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांच्या आसक्तीच्या सिद्धांतात, म्हणजे मूल आपल्या माणसाशी कसं जोडलं जातं याच्या मांडणीत, ही कल्पना मध्यवर्ती ठरली. आई जवळ असली की मूल तिला चिकटून बसेल असं वाटतं. घडतं उलटंच. ती जवळ असेल तरच मूल तिला सोडून जातं.

1958 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आज अशा प्रयोगांना परवानगी मिळणं अवघड, आणि ते योग्यच आहे. पण त्यांतला एक भाग इथे सांगायला हवा. अनोळखी वस्तूंनी भरलेल्या खोलीत पिल्लू एकटं सोडलं की ते अंग आक्रसून कोपऱ्यात पडून राही. त्याच खोलीत त्याच्या सवयीची, मऊ कापडाची नकली ‘आई’ ठेवली की ते आधी तिला घट्ट बिलगायचं. मग हळूहळू सुटं होऊन त्या वस्तूंकडे जायचं, त्या हाताळायचं आणि परत यायचं. दूध देणारी पण नुसत्या तारांची ‘आई’ ठेवली तर हे घडत नसे. म्हणजे पोट भरण्याची सोय एवढ्यावर परतण्याची जागा ठरत नव्हती.

मूल रांगायला आणि मग चालायला लागलं की माणसाभोवती जागा जमा व्हायला लागते. कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक ते दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. तासाला सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं, असा हिशेब निघाला. मोठ्या माणसाने एका तासात सतरा वेळा आपटी खाल्ली तर त्याला दवाखान्यात नेतील. मुलं मात्र उठतात आणि चालू लागतात. अनेकदा तर ती कुठे पोचायचं म्हणून निघालेलीच नसतात.

या सगळ्या फिरण्यातून घराची एक ओळख तयार होते, आणि तिचा जोर किती असतो हे लिंडा आक्रेडोलो यांच्या 1979 मधल्या प्रयोगात दिसलं. नऊ महिन्यांच्या बाळासमोर, त्याच्या एका हाताला वस्तू लपवायची आणि मग बाळाला उचलून समोरच्या बाजूला न्यायचं. आता जी वस्तू डावीकडे होती ती उजवीकडे आली. प्रयोगशाळेतल्या रिकाम्या खोलीत बाळं बहुधा फसत, आधीच्याच हाताकडे शोधत. त्या वयाची बाळं जागा स्वतःच्या शरीरावरून मोजतात, असं पाठ्यपुस्तकातलं उत्तर. पण हाच खेळ बाळाच्या स्वतःच्या घरी केला तेव्हा ती बरोबर बाजूला वळण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. वय तेच आणि मेंदूही तोच. ओळखीच्या जागेत मात्र ते बाळ जास्त हुशार ठरलं. प्रयोगशाळेत मुलांची ‘बुद्धी’ मोजून मोकळं होणाऱ्यांनी हा निकाल चष्म्याच्या काचेवर चिकटवून ठेवावा, असं मला नेहमी वाटतं.

त्याहून लहान बाळांत ओळखीची जागा केवढीशी असते, हे कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी दाखवलं. पाळण्यावर टांगलेलं खेळणं आणि बाळाचा पाय यांना रिबिनीने जोडलं की पाय झाडल्यावर खेळणं हलतं. हे तीन महिन्यांची बाळंही पटकन शिकतात आणि काही दिवस लक्षात ठेवतात. पण शिकताना पाळण्याच्या कडेला लावलेलं नक्षीचं कापड नंतर बदललं, तर खेळणं तेच असूनही बाळ काहीच शिकलं नसल्यासारखं बघत राहतं. आठवण त्या कापडासकट साठवलेली असते.

आता जरा मोठी, दीड-दोन वर्षांची मुलं घेऊ. आपण घर रंगावरून, सामानावरून ओळखतो अशी आपली समजूत असते. लिंडा हर्मर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी 1994 मध्ये एका आयताकृती छोट्या खोलीच्या कोपऱ्यात, मुलाच्या देखत खेळणं लपवलं. मग मुलाचे डोळे झाकून त्याला गोल गोल फिरवलं, दिशांचं भान जाईपर्यंत. डोळे उघडल्यावर मूल दोन कोपऱ्यांत सारखंच शोधायचं. एक बरोबर कोपरा आणि दुसरा त्याच्या तिरक्या समोरचा. आयतात हे दोन्ही कोपरे आकाराने एकसारखे असतात. लांब भिंत डावीकडे, आखूड उजवीकडे. म्हणजे मुलांनी खोलीचा आकार पकडला होता. पण गंमत पुढे आहे. एक भिंत गडद निळी केली, तेव्हा कोणता कोपरा खरा हे उघडच दिसत होतं. तरीही मुलं त्या दोन कोपऱ्यांत गोंधळतच राहिली. 1986 मध्ये केन चेंग यांना उंदरांमध्ये हेच दिसलं होतं.

यावरून आकार समजणारं एक वेगळंच यंत्र मेंदूत असावं, त्याला रंग दिसतच नसावा, असा निष्कर्ष जोरात निघाला. तो फार काळ टिकला नाही. 2001 मध्ये दुसऱ्या गटाने हाच प्रयोग मोठ्या खोलीत केला आणि तिथे मुलांनी भिंतीच्या खुणांचा नीट उपयोग केला. पहिली खोली होती फक्त चार बाय सहा फुटांची. एवढ्या जागेत भिंत इतकी अंगावर येते की दूरची खूण म्हणून तिचा उपयोग होत नाही, हे त्यावरचं एक स्पष्टीकरण. वाद अजून चालू आहे. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे. बोलता येण्याच्या सुमारास मुलाच्या डोक्यात खोलीचा आकार पक्का बसलेला असतो, आणि तो त्याला कोणी शिकवलेला नसतो.

मग त्याच मुलाला खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली तर? हा माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सर्वात सुंदर प्रयोग आहे. ज्युडी डिलोश यांनी 1987 मध्ये तो केला. एक खरी खोली आणि तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती. तसाच कोच, तसंच कपाट, तशीच उशी. प्रतिकृतीतल्या कोचामागे छोटं खेळण्यातलं कुत्रं लपवायचं आणि मुलाला सांगायचं, ‘मोठं कुत्रं मोठ्या खोलीत अगदी याच जागी लपलंय, शोध.’ तीन वर्षांची मुलं सरळ कोचामागे जातात. अडीच वर्षांची मुलं आनंदाने भलतीकडे शोधत हिंडतात. विसरली म्हणावं तर तसंही नाही. परत प्रतिकृतीपाशी आणलं की छोटं कुत्रं ती लगेच काढून देतात. प्रतिकृतीतली जागा त्यांना ठाऊक आहे. ती जागा ‘या खोलीबद्दल’ काही सांगते आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात येत नाही. सहा महिन्यांत हे बदलतं.

डिलोश यांचं म्हणणं असं, की प्रतिकृती ही एकाच वेळी दोन गोष्टी असते. ती स्वतः एक मजेदार वस्तू असते, आणि दुसऱ्या कशाची तरी खूण असते. अडीच वर्षांच्या मुलाला ती वस्तू इतकी भुरळ घालते की खूण दिसत नाही. हे खरं असेल तर वस्तूची भुरळ कमी केल्यावर मुलांना जमायला हवं. तसंच झालं. प्रतिकृतीऐवजी खोलीचं चित्र दाखवलं, तेव्हा अडीच वर्षांच्या मुलांनाही जमलं. प्रतिकृती काचेमागे ठेवली तेव्हाही फरक पडला. उलट तीन वर्षांच्या मुलांना तिच्याशी आधी थोडा वेळ खेळू दिलं, तर त्यांची कामगिरी घसरली! शिकवायच्या साधनाशी मुलांना मनसोक्त खेळू द्या म्हणजे ती लवकर शिकतील, हा सल्ला आपण डोळे झाकून देतो. इथे तो उलटा पडला.

1997 मध्ये डिलोश आणि सहकाऱ्यांनी याचा कळस केला. त्यांनी मुलांना एक दिवे लागणारं यंत्र दाखवलं आणि सांगितलं की हे यंत्र वस्तू लहान करतं. बाहुली यंत्रासमोर ठेवून सगळे बाहेर गेले, आवाज झाले, परत आले तर बाहुली छोटी. मग तंबूसारख्या एका खोलीत बाहुली लपवली आणि ‘खोलीच लहान केली’. आता त्याच अडीच वर्षांच्या मुलांनी छोट्या खोलीत बाहुली बरोबर शोधून काढली. छोटी खोली त्यांच्यासाठी आता खूण राहिलेली नव्हती. ती तीच खोली होती, आक्रसलेली. खोली यंत्राने लहान होते हे पटणं त्यांना सोपं गेलं, एक खोली दुसरीबद्दल सांगते हे पटणं अवघड.

खुणेचा हा उंबरठा ओलांडला की मुलं घर काढायला लागतात, आणि मोठ्यांना हसू येतं. भिंत असूनही आतलं टेबल, पलंग, माणसं, सगळं बाहेरून दिसतं. उतरत्या छपरावरचं धुरांडं छपराला काटकोनात, म्हणजे जमिनीशी तिरकं, आता पडेल अशा बेताने उभं. जॉर्ज-आन्री ल्यूके यांनी 1927 मध्येच म्हटलं होतं की मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. आत पलंग आहे हे त्याला माहीत आहे, मग तो का लपवायचा? धुरांड्याचं कारण वेगळं. रेघ काढताना जवळची रेघ आधार म्हणून घ्यायची आणि तिच्याशी काटकोन साधायचा, ही मुलांची प्रवृत्ती असते. छपराजागी नुसती तिरकी रेघ दिली तरी ती तेच करतात. मुलाच्या चित्रातल्या घराला दार नाही म्हणजे ते मनाने कोंडलेलं आहे, असली भाकितं करणारे बरेच भेटतात. अशा अर्थ लावण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. दार राहून गेलं असेल, किंवा खडू संपला असेल.

चार-पाच वर्षांची मुलं टेबलाला चादर लटकवून आत शिरतात आणि ‘हे आमचं घर’ जाहीर करतात. ही निव्वळ कल्पनाशक्ती, असं मी म्हणणार नाही. फ्रँक काइल यांनी 1980 च्या दशकात मुलांना विचारलं होतं, कॉफीचं भांडं कापून, वाकवून त्यातून पक्ष्यांना दाणे घालायचं पात्र केलं, तर आता ते काय? लहान मुलंही म्हणाली, पात्र. रॅकून या अमेरिकेतल्या प्राण्याला रंगवून स्कंक या दुसऱ्या प्राण्यासारखं केलं तर मात्र मोठी मुलं ठामपणे म्हणाली की तो रॅकूनच. माणसाने केलेल्या वस्तूचं मूळ रूप काही का असेना, ती कशासाठी वापरली जाते यावर ती काय आहे हे ठरतं. त्या हिशेबाने आत शिरून बसता येतं ते टेबल घरच आहे.

फक्त एका बाबतीत हा हिशेब चालत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तूची हुबेहूब नक्कल करणारं ‘यंत्र’ दाखवलं. साधं खेळणं असेल तर मुलं नवी नक्कल घ्यायला तयार होती. पण ज्यांना रोज रात्री एक ठरावीक बाहुली किंवा पांघरूण लागायचं, त्यांच्यापैकी काहींनी ते यंत्रात ठेवायलाच नकार दिला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना नक्कल नको होती, आपलं तेच परत हवं होतं.

घर बदलायची वेळ आली की हे उपयोगी पडतं. नव्या खोलीला जुना रंग द्यायची गरज नसते आणि नवं पांघरूण बक्षीस म्हणून आणायचीही नसते. मुलाचं नेहमीचं अंथरूण-पांघरूण न धुता शेवटच्या खोक्यात भरावं आणि नव्या जागी ते खोकं सर्वांत आधी उघडावं. पहिले काही दिवस मोठ्यांपैकी कोणीतरी एकाच ठिकाणी बराच वेळ बसून राहावं. मूल तिथून निघेल, एक खोली बघून येईल, मग दुसरी.